दहावा माणूस येईपर्यंत: आधुनिक यहुदी विचारातला देव

निळी शाई

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका मित्राचे वडील गेले. मित्र ज्यू आहे. फिलाडेल्फियात इतकी वर्षं काढली, पण 'शिव्हा'ला जायची ही पहिलीच वेळ. शिव्हा म्हणजे सात. दफनानंतर सात दिवस घरची माणसं घरातच बसतात, तीही बुटक्या स्टुलांवर. हॉलमधल्या मोठ्या आरशावर पलंगपोस टाकला होता. दार लोटलेलं, बेल वाजवायची नाही, सरळ आत जायचं. सुतकाची आठवण झालीच. शेजाऱ्यांनी जेवण आणायचं हेही आपल्यासारखंच, फक्त पिठलं-भाताच्या जागी उकडलेली अंडी आणि बेगल.

संध्याकाळच्या प्रार्थनेला दहा जण लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. दहा भरले नाहीत तर 'कद्दिश', म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, म्हणता येत नाही. नऊ जण होते. मला धरून दहा होत होते, पण मी ज्यू नाही, त्यामुळे मोजणीत नाही. दहावे गृहस्थ खाली गाडी लावायला जागा शोधत होते. वीस मिनिटं सगळे थांबले.

त्या वीस मिनिटांत मी आगाऊपणा करून मित्राला विचारलं, "तू तर देव मानत नाहीस. मग हे कोणाला उद्देशून?" तो म्हणाला, "हे बाबांना विचारायला हवं होतंस. आणि तेही मानत नव्हते."

मग दहावे आले, धापा टाकत, आणि त्या नास्तिक मुलाने नास्तिक बापासाठी कद्दिश म्हटली. अरामी भाषेत. अर्थ शेजारच्या पानावर छापलेला होता. त्यात मृत्यूचा साधा उल्लेख नाही. त्याचं महान नाव वाढो, पवित्र होवो, त्याची स्तुती होवो, एवढंच. मधेमधे बाकीचे "आमेन" म्हणतात.

घरी आल्यावर डोक्यातून जाईना म्हणून वाचायला घेतलं. शोधत होतो 'ज्यू लोक देवाबद्दल काय मानतात', पण हाती लागलं ते वेगळंच. या मंडळींनी गेल्या दीडशे वर्षांत देवाचा जो फेरविचार केला, त्याची खरी भांडणं तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांपेक्षा प्रार्थनेच्या पुस्तकात, म्हणजे 'सिदूर'मध्ये झाली आहेत. देव मनात काय आहे यावर फारसं कोणी कोणाला धरत नाही. पण पुस्तकातला एक शब्द बदला, की पेटलं.

सगळ्यात ठळक उदाहरण मॉर्डेकाय कॅप्लन यांचं (१८८१–१९८३, हो, एकशे दोन वर्षं). जन्म लिथुआनियात, वडील जुन्या वळणाचे रब्बाय (यहुदी धर्मगुरू), लहानपणीच न्यूयॉर्कला आले, स्वतःही रब्बाय झाले. आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की ज्या देवाला आपण रोज हाका मारतो, जो आकाशातून बघतो, बक्षीस देतो, शिक्षा करतो, समुद्र दुभंगवतो, त्याच्यावर आपला विश्वास उरलेला नाही. आपला नाही आणि समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचाही नाही. १९३४ साली त्यांनी जाडजूड पुस्तक लिहून मांडलं की यहुदीपण ही एक अख्खी संस्कृती आहे: भाषा, सण, अन्न, गाणी, कायदा, आणि त्यातच धर्म. देव म्हणजे कुणी व्यक्ती नव्हे. माणसाला माणूस म्हणून पुरतं फुलायला जी शक्ती मदत करते, ती देव. जुन्या पिढ्यांना मत आहे, पण नकाराधिकार नाही, हा त्यांचा लाडका मुद्दा.

एवढ्यावर लोकांनी नाकं मुरडली, पण निभावलं. १९४५ मध्ये मात्र त्यांच्या मंडळींनी शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, नवा सिदूर छापला. "सगळ्या लोकांतून आम्हाला निवडलं" ही ओळ काढली आणि तिथे घातलं "आम्हाला आपल्या सेवेजवळ आणलं". मृतांचं पुनरुत्थान काढलं, स्वतः अवतरणारा मसीहा, म्हणजे तारणहार, काढला. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात कट्टर परंपरावादी रब्बायांची सभा भरली, कॅप्लन यांच्यावर 'खेरेम', म्हणजे बहिष्कार, पुकारला गेला आणि त्या पुस्तकाची प्रत जाळण्यात आली. युरोपातलं युद्ध संपून जेमतेम महिना झाला होता. यहुदी पुस्तकांच्या होळ्या कोणी केल्या होत्या हे त्या हॉलमध्ये सगळ्यांनाच माहीत होतं.

गंमत म्हणजे हा बहिष्कृत माणूस कोशर, म्हणजे खाण्यापिण्याचे धार्मिक नियम, पाळायचा, शब्बाथ पाळायचा, रोज प्रार्थना करायचा.

असंच एका शब्दाचं दुसरं उदाहरण. रोजच्या मुख्य प्रार्थनेत, 'अमिदा'मध्ये, देवाला 'मेखाये हामेतिम' म्हणतात, मेलेल्यांना जिवंत करणारा. रिफॉर्म या सुधारक पंथाने तो शब्द बदलून 'मेखाये हाकोल' केला, सगळ्यांना जीवन देणारा. पिढ्यान्पिढ्या तसंच चाललं. मग २००७ च्या त्यांच्या नव्या सिदूरमध्ये जुना शब्द कंसात परत आला. ज्याला जो म्हणवेल तो त्याने म्हणावा! हा कंस मला फार आवडला.

तुमचं काय मत? आणि जाणकारांनी चुका दाखवाव्यात, मी या विषयात नवशिका आहे.

प्रतिसाद १ | ताकभात

मस्त धागा, वाचनखूण साठवली. पण यात नवीन काय ते कळलं नाही. निर्गुण निराकार ब्रह्म आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी सांगून झालंय. नेति नेति. कॅप्लन साहेबांना उशिरा समजलं इतकंच. आइन्स्टाइनही म्हणालाच होता की मी स्पिनोझाचा (सतराव्या शतकातला तत्त्वज्ञ) देव मानतो. सगळे शेवटी अद्वैतावर येतात.

प्रतिसाद २ | शंकासुर

ताकभात, प्रत्येक धाग्यावर अद्वैताचं पार्सल पोचवायलाच हवं का? :)

निशा, माझा आक्षेप वेगळा आहे. 'शक्ती', 'प्रक्रिया', 'फुलणं' ही सगळी देव नाही हे कबूल करायची लाज वाटते म्हणून काढलेली पळवाट आहे. देवाचा शेंदूर खरवडला, आत दगड निघाला, तर दगड म्हणा ना. परत त्यालाच नमस्कार कशाला? तुमचा मित्र प्रामाणिक असता तर उठून गेला असता. उलट त्याने नऊ जणांना ताटकळत ठेवलं.

प्रतिसाद ३ | निळी शाई

('निशा' नका हो म्हणू, इथले अर्धे लोक मला ताई म्हणायला लागलेत.)

ताकभात, नेति नेतिशी नातं जोडायचंच तर ते कॅप्लनशी जुळत नाही, मायमॉनिडीजशी जुळतं. बाराव्या शतकातला हा वैद्य आणि तत्त्वज्ञ. देव काय आहे ते सांगताच येत नाही, काय नाही एवढंच सांगता येतं, हे त्याचंच म्हणणं. देवाला शरीर आहे असं मानणारा पाखंडी, असंही त्याने लिहून ठेवलं. त्यावर प्रोव्हान्समधल्या राबाद नावाच्या पंडिताने शेरा मारला की याच्यापेक्षा थोर माणसं देवाला शरीर आहे असं मानत होती, त्यांना पाखंडी कसं म्हणतोस! त्या शेऱ्यासकट ग्रंथ छापला जातो. मला यातला खरा मजकूर तो शेरा वाटतो.

स्पिनोझाचा किस्साही गुळगुळीत करू नका. जुलै १६५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या यहुदी समाजाने त्याला वाळीत टाकलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि त्यानंतर तो परत गेला नाही. कॅप्लन वाळीत पडूनही सिदूर हातात धरून बसले. माझा धागा त्या फरकाबद्दल आहे.

शंकासुर, तुम्ही म्हणता पळवाट. असेल. पण तालमूदमधली (रब्बायांच्या वादविवादांचा जुना ग्रंथ) ती भट्टीची गोष्ट ऐका. एक भट्टी शुद्ध की अशुद्ध यावर वाद पेटतो. रब्बाय एलिएझर एकटे एका बाजूला, बाकी सगळे विरुद्ध. एलिएझर म्हणतात, माझं बरोबर असेल तर हे झाड पुरावा देईल. झाड उपटून लांब जाऊन पडतं. बाकीचे म्हणतात, झाडाचा पुरावा चालत नाही. मग पाण्याचा पाट उलटा वाहतो, भिंती कलतात. चालत नाही. शेवटी आकाशवाणी होते की एलिएझरचं बरोबर आहे. तेव्हा रब्बाय यहोशुआ उभे राहून म्हणतात, "ती आकाशात नाही." म्हणजे तोरा, देवाने दिलेला धर्मग्रंथ, आता आमच्याकडे आहे, बहुमताने ठरेल. आणि देव? देव हसतो म्हणे, माझ्या पोरांनी मला हरवलं!

ज्यांच्या धर्मग्रंथातच देव चर्चेत हरतो आणि हसतो, त्यांना देवाशी वाद घालायला घर सोडून जावं लागत नाही. आकडाच हवा असेल तर प्यू संस्थेच्या २०२० च्या पाहणीत बायबलमधल्या वर्णनाचा देव मानणारे अमेरिकन ज्यू २६ टक्के निघाले. बाकीचे सगळे उठून गेले असते तर मिन्यान कुठेच भरलं नसतं.

प्रतिसाद ४ | ठाण्याची पोर

बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. इथे बहुतेकांनी ज्यू म्हणून फक्त पुस्तकातले बघितलेत, म्हणून लिहिते.

आमच्या घरात सिनेगॉग हा शब्द नव्हता, 'मशीद' म्हणायचो. प्रार्थनेला 'नमाज'. पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले, कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. पुस्तकं समुद्रात गेली. उरली ती शेमा, "हे इस्राएला ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एक". सुंतेला तीच, लग्नाला तीच, मरणाला तीच. तत्त्वज्ञान एका ओळीत संपलं आणि त्यावर कित्येक पिढ्या निघाल्या.

माझ्या आजीला देव काय आहे हा प्रश्न पडल्याचं मला आठवत नाही. तिला एलियाहू हनाबी (प्रेषित एलियाहू) आला की नाही, हा पडायचा. घरात काही चांगलं झालं की मलिदा: परातीत भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळं, आणि एलियाहूचं गाणं. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, ते आमचं तीर्थ. आजीच्या लेखी देव लांब होता, एलियाहू अलिबागपर्यंत येऊन गेलेला होता.

पण फेरविचार फक्त न्यूयॉर्कात झाला असं समजू नका. डॉ. जेरुशा झिराड लंडनला डॉक्टरकी शिकायला गेल्या, तिथे क्लॉड माँटेफिओरी आणि लिली माँटेग्यू यांच्या उदार पंथाशी ओळख झाली. परत येऊन १९२५ मध्ये मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन काढली (कामा हॉस्पिटलच्या प्रमुख त्या नंतर झाल्या). पुढे त्यातूनच भायखळ्याचं रोदेफ शालोम हे प्रार्थनास्थळ उभं राहिलं. समाजातून विरोध झालाच. आजीच्या भाषेत, "डॉक्टरीणबाईंनी औषधं द्यावीत, नमाज कशाला शिकवतात?" तिचं बाळंतपण मात्र त्यांच्याच हॉस्पिटलात.

प्रतिसाद ५ | शंकासुर

ठाण्याची पोर, सुंदर प्रतिसाद. आजी आवडल्या.

पण धाग्यात एक हत्ती बसलाय आणि सगळे त्याला वळसा घालून मलिदा खातायत. नाझींच्या हातून साठ लाख ज्यू मारले गेले, त्यात दहा-पंधरा लाख मुलं. त्यानंतर 'माणसाला फुलवणारी शक्ती' हे शब्द कसे तोंडातून निघतात? १९३४ मध्ये ठीक होतं. १९४५ नंतर?

प्रतिसाद ६ | पाव किलो झाटर

मी इस्राएलमध्ये रेहोवोतला पोस्टडॉक आहे, ज्यू नाही. इथे प्लंबर आला तरी "कसे आहात"ला "बारुख हशेम" म्हणतो, देवाची कृपा. आमचा प्लंबर शनिवारी समुद्रावर मासे पकडतो आणि देव नाही असं ठासून सांगतो, बारुख हशेम म्हणतच.

शंकासुर यांच्या प्रश्नावर. हाच प्रश्न त्यांनी आधी स्वतःला विचारला, आणि एकमत झालेलं नाही.

काहींनी जुनंच उत्तर दिलं: पापाची शिक्षा. सातमार या कट्टर पंथाचे रब्बाय योएल टाइटलबाउम स्वतः त्या आगीतून वाचलेले, त्यांच्या मते झिओनिझम, म्हणजे यहुद्यांचं स्वतःचं राष्ट्र उभं करायची चळवळ, हेच पाप. मला हे वाचवत नाही, पण ते म्हणणारा माणूस बाहेरचा नव्हता हे विसरता येत नाही. उलट टोकाला रिचर्ड रूबेनस्टाइन. १९६६ मध्ये त्यांनी लिहिलं की इतिहास चालवणारा देव आता मानणं शक्य नाही, कारण मानलं तर हिटलर त्याचं हत्यार ठरतो. पण यांनीही विधी सोडले नाहीत. देव गेला म्हणून विधींची गरज वाढली, असं त्यांचं म्हणणं. (निळी शाई, तुमच्या मुद्द्याला पुष्टी.)

मला सगळ्यात जास्त थांबवलं ते हान्स योनास यांनी. जर्मन तत्त्वज्ञ, आई ऑशवित्झच्या नाझी छळछावणीत मारली गेली. १९८४ च्या भाषणात ते म्हणतात की देव चांगला आहे, देव समजण्यासारखा आहे आणि देव सर्वशक्तिमान आहे, या तिन्ही गोष्टी ऑशवित्झनंतर एकत्र धरता येत नाहीत. यहुदी माणूस पहिल्या दोन सोडू शकत नाही. मग तिसरी सोडा. जग निर्माण करताना देवाने आपली ताकद देऊन टाकली. त्याने मदत केली नाही ती करायची नव्हती म्हणून नाही, करता येत नव्हती म्हणून. यामागे सफेद नावाच्या गावच्या इसहाक लुरियाची 'त्झिमत्झुम'ची कल्पना आहे: देवाने स्वतःला आक्रसून घेतलं, म्हणून जगाला जागा झाली.

आणि या सगळ्यांना फटकारणारे येशायाहू लाइबोविट्झ, इथे जेरुसलेमला. रसायनशास्त्राचे प्राध्यापक, कडक धार्मिक, तिखट जिभेचे. ऑशवित्झमुळे ज्यांचा देवावरचा विश्वास उडाला त्यांचा देवावर नव्हताच, देवाच्या मदतीवर होता, असं ते म्हणायचे. देव इतिहासात हात घालतो असं मानणं त्यांच्या लेखी मूर्तिपूजाच. १९६७ च्या युद्धानंतर जेरुसलेमच्या पवित्र पश्चिम भिंतीभोवतीचा जल्लोष पाहून त्यांनी तिला 'डिस्कोटेल' म्हटलं. कोटेल म्हणजे भिंत. डिस्को तुम्हाला कळला असेलच.

ऑशवित्झमधून वाचलेले लेखक एली विझेल यांनी सांगितलेली आठवण माहीत असेल. ऑशवित्झमध्ये काही विद्वानांनी रात्री देवावर खटला चालवला. निकाल: देणेकरी आहे. मग थोडा वेळ शांतता, आणि मग संध्याकाळची प्रार्थना.

प्रतिसाद ७ | मु. पो. डोंबिवली

मी वाचनमात्र असतो. पण झाटर यांनी लिहिलेलं 'करता येत नव्हतं' वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्या बहिणीचा मुलगा लहानपणीच दुर्मिळ आजाराने गेला. भेटायला येणारे सांगायचे, मागच्या जन्मीचं असेल, देवाला आवडला म्हणून नेला. बहिणीने एका काकूंना विचारलं होतं, "तुमचा नाही आवडला का त्याला?" नंतर वर्षभर कोणी आलं नाही.

तेव्हा एका डॉक्टरांनी तिला हॅरॉल्ड कुश्नर यांचं पुस्तक दिलं. मॅसॅच्युसेट्सचे रब्बाय. त्यांच्या मुलाला, ॲरनला, प्रोजेरिया होता, म्हणजे मूल झपाट्याने म्हातारं होत जातं. चौदाव्या वर्षी, १९७७ मध्ये तो गेला, आणि १९८१ मध्ये त्यांनी चांगल्या माणसांच्या वाट्याला वाईट का येतं यावर ते पुस्तक लिहिलं. सांगणं साधं आहे: हे देवाने केलेलं नाही. सगळं त्याच्या हातात नाही. चांगला देव आणि सर्वशक्तिमान देव यांतून एकच मिळणार असेल तर मी चांगला घेतो.

मला स्वतःला ते पटलं नाही, कमी ताकदीचा देव म्हणजे काय ते कळतच नाही. पण बहिणीने त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवलाय.

प्रतिसाद ८ | हळदीचं दूध

मु. पो. डोंबिवली, काय लिहू. तुमच्या बहिणीला नमस्कार.

बाजू बदलते थोडी. यादीत बहुतेक पुरुषच आहेत, म्हणून भर. यहुदी आशीर्वचनं सुरू होतात "बारुख अता अदोनाय, एलोहेनू मेलेख हाओलाम" अशी: धन्य तू, प्रभो, आमच्या देवा, विश्वाच्या राजा. यातला 'अता' म्हणजे पुल्लिंगी 'तू'. हिब्रूत बाईला 'अत' म्हणतात. इंग्रजीत 'यू' म्हणून सुटता येतं, मराठीत 'तू'पर्यंत सुटतो आणि क्रियापदात सापडतो. हिब्रूत पहिल्याच दमात लिंग ठरलं. शिवाय राजा.

ज्युडिथ प्लास्को यांनी १९९० मध्ये हा प्रश्न नीट मांडला: अर्ध्या समाजाचा अनुभव वगळून देवाचं वर्णन केलंत, ते पुरं कसं? मग कवयित्री मार्शा फॉक यांनी १९९६ मध्ये आशीर्वचनंच नव्याने रचली. "नेवारेख एत एन हाखायिम", आपण जीवनाच्या झऱ्याला धन्य म्हणू या. राजा गेला, 'तू' गेला, आणि कर्ता झालो आपण. नुसतं राजाच्या जागी राणी घालण्यापेक्षा मला हे कितीतरी धीट वाटतं. (अवांतर: आपण विठूला माउली म्हणतो आणि लगेच "उभा" म्हणतो. यासाठी आमचं पुस्तक कोणी जाळत नाही.)

आणि कॅप्लन यांची थोरली मुलगी ज्युडिथ, १९२२ मध्ये बारा वर्षांची असताना तिच्या बापाने तिची बात मित्झ्वा (मुलगी वयात आल्याचा धार्मिक विधी) केली, अमेरिकेतली पहिली मानतात ती. तिला तोराच्या गुंडाळीपाशी उभं केलं नाही, बाजूला उभं राहून छापील पुस्तकातून वाचायला लावलं. एवढ्या क्रांतिकारक बापाची धाव तेव्हा तिथवरच!

प्रतिसाद ९ | निळी शाई

सगळ्यांचे आभार. डोंबिवली, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला.

काल जेवणाच्या सुट्टीत मित्राला हा धागा दाखवला, सारांश सांगितला. मराठी त्याला ओ की ठो कळत नाही, पण मान हलवत होता. कॅप्लन यांच्या कौतुकावर त्याने थोडं पाणी ओतलं. म्हणाला, त्यांनी एकदा योम किप्पुरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, रात्रीची 'कोल निद्रे' ही प्रार्थना काढून टाकली होती, शब्द पटत नाहीत म्हणून, आणि त्या चालीवर स्तोत्र बसवलं. लोकांनी ऐकून घेतलं नाही. शेवटी परत आणावी लागली. "शब्दांवर कोणाचा विश्वास नव्हता, पण चालीवर सगळ्यांचा होता."

शंकासुर यांचा 'उठून का गेला नाही' हा प्रश्नही पोचवला. त्यावर तो म्हणाला, मी उठलो असतो तर आठ उरले असते.

मग त्याने विचारलं, प्रतिसाद किती आले? म्हटलं, आठ, माझा धरून नऊ होतील. तर म्हणतो, "मग सुरू नाही करता येणार. कोणीतरी खाली पार्किंग शोधत असेल, बघ."

प्रतिसाद १० | शंकासुर

आलो. आमेन म्हणणार नाही, पण मोजा.